कुंभवलीच्या रस्त्यावर तुटलेलं टायटॅनियम

नाशिकहून समुद्रापर्यंत सायकलने जायचं, असं मी तीन वर्षं म्हणत होते. दरवेळी काहीतरी आडवं यायचं. कधी लॅबमधून सुट्टी मिळायची नाही, कधी गुडघा कुरबुरायचा. या फेब्रुवारीत सुट्टी मिळाली, गुडघाही गप्प होता, आणि सायकलवर नवं सॅडल, म्हणजे सीट, होतं. त्या सॅडलच्या भरवशावर मी निघाले. हे आधीच सांगून टाकते, कारण हा लेख नेहमीसारखा ‘कुठे राहायचं, काय खायचं’ एवढ्यावर थांबणारा नाही. ती माहिती दिली आहे, पण लिहायला बसले ते दुसऱ्या कारणासाठी.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी माझी ओळख. वय अठ्ठेचाळीस, नाशकात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासायचं आणि शंका आली की नमुना पुन्हा लावायचा, अशी नोकरी. धाकटा भाऊ मंदार, त्याचं सायकलचं दुकान आहे. गेल्या भाऊबीजेला त्याने ओवाळणीच्या ताटात पाकीट न टाकता एक खोका ठेवला. आत काळं, निमुळतं सॅडल. त्याच्या पोटाखाली दोन राखाडी सळ्या, ज्यांना आम्ही सायकलवाले रेल म्हणतो.

“टायटॅनियमची रेल आहे, ताई,” मंदार म्हणाला. “अजून एकाही गिऱ्हाइकाला दिलं नाही. पहिलं तुला.”

मला भरून आलं होतं. खोटं कशाला बोलू.

सॅडल घेताना सगळेजण गादी दाबून बघतात. खरं तर आपला भार गादी पेलत नाही, त्या दोन सळ्या पेलतात. खाली सीटच्या उभ्या नळीच्या टोकाला एक चिमटा असतो, तो या सळ्यांना घट्ट धरतो, आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका त्या चिमट्याच्या कडेपाशी सळईला बसतो. साधी रेल पोलादाची, जड पण दणकट. टायटॅनियमची हलकी, गंज न चढणारी, थोडी लवणारी, म्हणून लांबच्या प्रवासात अंगाला बरी. कार्बनची सगळ्यांत हलकी, पण ती बहुधा गोल नसते, लांबट असते. तिला वेगळा चिमटा लागतो आणि जास्त आवळली की ती चिरडते. हे सगळं मी डिसेंबरमध्ये याच ब्लॉगवर एका मोठ्या लेखात लिहिलं होतं. लेखाच्या शेवटी मंदारच्या दुकानाचं नाव आणि पत्ता दिला होता. इतक्या कमी दरात टायटॅनियम दुसरीकडे मिळणार नाही, असं ठणकावून लिहिलं होतं. तो लेख माझ्या सगळ्या लेखांत सर्वांत जास्त वाचला गेला.

तर प्रवास. पहिला दिवस नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार. साधारण ऐंशी किलोमीटर. त्र्यंबकच्या पुढे रस्ता एकदम मोकळा होतो आणि घाटात उतरताना वाटतं, आता सगळा उतारच. तसं नाही. मोखाड्यापर्यंत इतके चढउतार आहेत की पायांना दम खायला वेळ मिळत नाही. पाणी भरपूर घ्या, मध्ये दुकानं तुरळक आहेत. जव्हारला बाजारपेठेत साधं लॉज मिळालं, स्वच्छ चादर, गरम पाणी बादलीने.

दुसऱ्या दिवशी जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर. अंतर सत्तरच्या आसपास आणि बराचसा उतार. विक्रमगडच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, तीन-चार किलोमीटर नुसती खडी. तिथून बाहेर पडले आणि बुडाखालून बारीक कुरकुर सुरू झाली. पायडल मारलं की कुर्र, उठून उभी राहिले की बंद. मी सायकल उभी केली, चिमटा हलवून पाहिला, घट्ट होता. धूळ गेली असेल असं म्हणून बाटलीतलं पाणी टाकलं. थोडा वेळ आवाज थांबला.

मनोरला हायवे ओलांडावा लागतो. तिथे जपून, गुजरातकडे जाणारे ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. मस्वणला सूर्या नदीच्या पुलावर जरा टेकले. पुढे वाघोबा खिंड. चढ फार नाही, पण दुपारी दोनला माथ्यावर पोचल्यावर कुणीही देवळाजवळ टेकतंच. तिथे एक आजीबाई टोपलीत चिकू घेऊन बसल्या होत्या. सायकलकडे बघत त्यांनी विचारलं, “कुठशी आलाव?”

“नाशिकहून.”

“यावर?” त्या सीटकडे बघत होत्या. “एवडीशीच सीट हाय. दुकत नाय का?”

“नाही आजी, भारीतली आहे,” मी म्हणाले.

त्यांनी दोन चिकू जास्तीचे दिले.

पालघरला स्टेशनजवळ लॉज घेतलं. सायकल खोलीत ठेवायची परवानगी आधीच विचारून घ्या, खालच्या मजल्यावर खोली मागा. जेवायला जवळच्या खाणावळीत बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, दीडशे रुपयांत पोट भरून. परत येऊन मी कुरकुरीचा बंदोबस्त केला, म्हणजे पाना काढून चिमटा अजून अर्धा फेरा आवळला. सळ्या पुसून, टॉर्च मारून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी बघितलं नाही. टायटॅनियम कुरकुरतं पण तुटत नाही, असं मीच लोकांना लिहून सांगितलं होतं, आणि ते मला पाठ होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला निघाले. पालघर ते बोईसर रस्ता पंधरा-सोळा किलोमीटर, चढ नावाला. कोळगावला जिल्ह्याच्या कचेऱ्यांच्या नव्या इमारती लागतात. एवढ्या रुंद आणि गुळगुळीत रस्त्याची सवय होते न होते तोच तो संपतो. उमरोळीच्या पुढे कंपन्यांच्या बसगाड्या सुरू झाल्या, त्यामुळे मी पांढऱ्या पट्टीच्या बाहेरूनच चालवत होते. बेटेगावला टपरीवर चहा घेतला. शेजारच्या बाकावर कंपनीच्या कपड्यांतले दोन कामगार होते.

“ये मैडम नासिक से साइकिल पे आई है,” चहावाल्याने त्यांना सांगितलं.

“क्यों? गाड़ी नहीं है?” एकाने विचारलं.

“शौक है,” दुसरा म्हणाला. पहिल्याने ‘असतात लोक’ अशी मान हलवली आणि चहात खारी बुडवली.

बोईसरचा नाका ओलांडून मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचा रस्ता धरला. इथला वास लिहून सांगता येत नाही. घशाला आंबट लागतो आणि दहा मिनिटांनी लागेनासा होतो, हे जास्त वाईट. टँकर, टेम्पो, सायकलवरून पाळीला जाणारे कामगार. त्यांच्या सायकली जुन्या, काळ्या, स्प्रिंगच्या रुंद सीटच्या. माझ्या सायकलकडे बघून एकजण हसला, मीही हसले. मला त्या क्षणी आपण काहीतरी विशेष आहोत असं वाटत होतं, तेही कबूल करते.

कुंभवलीपाशी एक गतिरोधक आहे, रंग उडालेला. दिसला तेव्हा उशीर झाला होता. दणका बसला, कडकन आवाज आला, आणि सीट माझ्याखालून डावीकडे कलंडली. पुढचं मला तुकड्यांत आठवतं. हँडल सुटलं. रस्त्याची खडी तळहातात. डाव्या मांडीत काहीतरी घुसलंय असं जाणवलं, पण दुखलं नाही. मागे लांबलचक ब्रेकचा आवाज, आणि मान वळवली तर टँकरचं चाक माझ्या पायापासून दोन हातांवर.

ड्रायव्हर उडी मारून उतरला. “दीदी, मैं तो धीरे था,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “आप एकदम से गिर गई. मैं तो धीरे था.”

त्याची काही चूक नव्हती. मी त्याला तसं सांगितलं, पण तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड होती, ग्रील आणि फॅब्रिकेशनची. तिथून साठीचे एक गृहस्थ धावत आले, त्यांच्यामागे त्यांची बायको. त्यांचं नाव काशिनाथ, ते मला नंतर कळलं. त्यांनी सायकल बाजूला घेतली. काकूंनी माझ्या मांडीकडे बघितलं आणि खांद्यावरचा पंचा काढून करकचून बांधला. सळईचं तुटलेलं टोक मांडीत शिरून, ती फाडत पुन्हा बाहेर आलं होतं.

“बोलू नको,” काकू म्हणाल्या. “रिक्षा येतंय. मी येतंय तुज्यासंगती.”

त्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर आल्या आणि दोन तास बाकावर बसून राहिल्या. सहा टाके पडले. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. डॉक्टर बाई म्हणाल्या, “अजून दोन बोटं आत गेली असती तर मोठी शीर होती. नशीब चांगलं आहे.” या भागात सायकलने जाणाऱ्यांसाठी सांगते, दवाखाने बोईसर स्टेशनच्या आसपास भरपूर आहेत, कुंभवलीहून रिक्षाने दहा मिनिटं.

दुपारी सायकल घ्यायला परत शेडवर गेले. काशिनाथकाकांनी सीट सोडवून टेबलावर ठेवली होती. मला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि मग तुटलेली सळई माझ्यापुढे धरली.

“ही आजची तुटलेली नाय,” ते म्हणाले. “हे बगा.”

सळईचा तुटलेला तोंडाकडचा भाग दोन रंगांचा होता. अर्ध्याहून जास्त तांबूस, गंजलेला. उरलेला चकचकीत.

“गंजलं तेवडं आदीच चिरलेलं व्हतं. महिनाभर तरी झाला असंल. राहिलं तेवड्यावर तुमी बसलेलाव. आज ते पन गेलं.”

“पण हे गंजतच नाही,” मी म्हणाले. “टायटॅनियम आहे.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. पोरगी चुकीचं उत्तर देते आहे आणि मास्तरांना तिला दुखवायचं नाही, तसं. मग त्यांनी खिळे वेचायचा चुंबक उचलून माझ्या हातात दिला.

“तुमीच लावा.”

मी सळईजवळ नेला. टच्च आवाज करून तो चिकटला.

मी काढला. पुन्हा लावला. दुसऱ्या सळईला लावला. लॅबमध्ये शंका आली की करते तसं तीनदा केलं, आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही हे मला माहीत होतं. माझ्याच लेखात ती ओळ आहे. माझ्या फ्रिजवर चार चुंबक आहेत, आणि त्यांतला एकही मी ओवाळणीत आलेल्या वस्तूला लावून पाहिला नव्हता. कोण पाहतं?

काकांनी मग ग्राइंडर चालू करून सळईचं टोक टेकवलं. पिवळ्या ठिणग्यांचा झुपका उडाला. “टायटॅनियमची ठिनगी पांडरी फक्क असते,” ते म्हणाले. “मी बावीस वरसं कंपन्यांत नळ्या जोडल्यात. आसिडच्या कामाला टायटॅनियम लागतं. हे लोकंड हाय. आतनं पोकल. आनि नळी किती पातल हाय ती बगा, कागदावानी.”

“लोखंडाचीही चांगली रेल असते ना?”

“असते की. लोकंड वाईट नाय. लोकंड म्हनून इकलं असतं तर जाड घातलं असतं, तुमी म्हातारी झाली असती तरी नसतं तुटलं. पन टायटॅनियम म्हनून इकायचं म्हनल्यावर वजन हलकं दिसाया पायजे. मंग आतला माल काडून घेतला.”

सॅडलच्या रेलबद्दल मी वाचलेल्या आणि लिहिलेल्या सगळ्या पानांपेक्षा ही चार वाक्यं जास्त कामाची आहेत. म्हणून जशीच्या तशी दिली.

मी शेडच्या बाहेर येऊन मंदारला फोन लावला.

“मंदार, सॅडल तुटलं. पडले मी.”

“कुठे? लागलं का? डोक्याला नाही ना?” त्याचा आवाज खरोखर घाबरला होता.

“मांडीला. सहा टाके.”

“तू तिथेच थांब, मी गाडी घेऊन निघतो. पाच-सहा तासांत येतो.”

“येऊ नकोस. एक सांग. ते टायटॅनियम नाही. चुंबक चिकटतो.”

 मागे दुकानातला हवेचा पंप चालू होता, तो ऐकू येत राहिला.

“तुला हे कुणी सांगितलं? तिथल्या कुणा वेल्डरने?”

“मी माझ्या हाताने लावला चुंबक.”

“ताई, माल तसाच येतो. खोक्यावर जे छापलंय तेच मी गिऱ्हाइकाला सांगतो.”

“तुला माहीत होतं का?”

“त्या दरात खरं मिळत नाही, हे धंद्यातल्या कुणालाही कळतं. सगळेच विकतात. तुटेल असं मला वाटलं नव्हतं. आणि तू रविवारी चाळीस किलोमीटर फिरणार, तुला काय फरक पडणार होता?”

“मग मला टायटॅनियम म्हणून का दिलंस?”

“तुला आनंद झाला असता म्हणून. झाला ना?”

झाला होता. मी विचारलं, “आणि मी लेख लिहिला तेव्हा? तेव्हा एक शब्द बोलला नाहीस?”

“लेख तू आपणहून लिहिलास, ताई. मी सांगितलं नव्हतं.”

हे खरं होतं. त्याने सांगितलं नव्हतं.

परत आत आले तेव्हा माझं तोंड बघून काशिनाथकाकांना बहुतेक कळलं असावं. “कोनी इकली?” त्यांनी विचारलं.

“भावाने दिली.”

ते बराच वेळ हातमोजे झटकत राहिले. मग न विचारता बोलू लागले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीत आसिडची पाइपलाइन बदलायचं काम होतं. ठेकेदार त्यांचाच चुलतभाऊ. भारीतला स्टेनलेसचा पाइप लावायचा ठरला होता, भावाने हलका आणला. दिसायला दोन्ही सारखेच, पण पाइपावरचा कंपनीचा छाप घासून काढला होता, त्यावरून काकांनी ओळखलं.

“मी त्याला इचारलं. तो बोलला, चालतंय, कोन बगतंय. मी गप बसलो. मीच जोडला तो पाइप, या हातांनी. वरसाच्या आत फुटला. खाली बेटेगावचा एक मानूस उबा व्हता, माज्या बाजूला डबा खानारा. त्याचे डोले गेले.”

“मग तुम्ही कुणाला सांगितलं?”

“कोनाला सांगनार? भाव हाय तो. त्याच वरसी त्याच्या पोरीचं लगीन व्हतं. आमी गेलो. जेवलो पन.”

काकू दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

मी विचारलं, तो माणूस आता कुठे असतो. “घरी असतो,” काका म्हणाले. “मी जात नाय तिकडं.” आणि त्यांनी ग्राइंडर बंद आहे की नाही ते उगाच पुन्हा पाहिलं. सळई वेल्डिंग करून द्या, असं मी म्हणाले तर त्यांनी साफ नकार दिला. पातळ नळी, जोडाशेजारी पुन्हा तुटणार. पैसे विचारले तर तेही घेतले नाहीत.

रात्र बोईसरच्या लॉजवर काढली. चौथ्या दिवशी सायकल शेडवरच ठेवून मी सहा आसनी रिक्षाने चिंचणीला गेले. समुद्र बघायला निघाले होते, तो निदान बघू. बोईसर नाक्यावरून रिक्षा भरली की सुटते, पास्थळ, तारापूर करत अर्धा-पाऊण तास लागतो. चिंचणीचा किनारा सरळ आणि लांब आहे, मागे सुरूची झाडं. ओहोटी होती. काठ्यांच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते आणि एक बाई ओले आणि अर्धवट सुकलेले वेगळे करत होती. मी लंगडत तिच्याजवळ गेले. घरी न्यायला सुके बोंबील मागितले. तिने हाताशी असलेला ढीग दाखवला, मग क्षणभर थांबून तो बाजूला सारला.

“यातला नको घेऊ. वरनं सुका दिसतो, आत वला हाय. चार दिसांनी वास मारंल. उद्या ये.”

“उद्या मी नाही इथे.”

“मंग नको घेऊ,” ती म्हणाली आणि कामाला लागली.

मी तिथे तासभर बसले. इतकी वर्षं मनात असलेला समुद्र समोर होता आणि माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता, माझा लेख वाचून ती सॅडलं कुणी कुणी घेतली. टिप्पण्यांमध्ये लोकांनी फोटो टाकले होते. ‘ताई, तुमच्यामुळे’ असं लिहून. मला काही नावं आठवली, काही आठवेनात, आणि मग पाण्याकडे बघवेना.

बोईसरहून नाशिकला एसटीने आले. सायकल चाकं काढून डिकीत बसते, कंडक्टर सामानाचं तिकीट फाडतो. गाडी सुटायच्या अर्धा तास आधी जाऊन त्याच्याशी गोड बोलावं लागतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मंदार आईला घेऊन आला. फळं, नारळपाणी, आणि नव्या सॅडलचा खोका. त्याने डोळे पुसले, माझे पाय दाबायला बसला. लहानपणापासून तो असाच आहे. माया खोटी नाही त्याची. नंतर म्हणाला, “लिहू नकोस. दुकान बसेल. मी गुपचूप सगळी परत मागवतो.” आई म्हणाली, “एका सळईवरून भाऊ तोडणार का तू?”

मी पंधरा दिवस दिले. पंधरा दिवसांत त्याने दोघांना फोन केला, आणि त्यांनाही ‘नवीन मॉडेल आलंय, बदलून देतो’ एवढंच सांगितलं. सोळाव्या दिवशी मी डिसेंबरचा लेख काढून टाकला आणि सापडले तेवढ्या सगळ्यांना स्वतः लिहिलं: सायकल चालवू नका, आधी रेलला चुंबक लावा, सळई पुसून चिमट्याच्या दोन्ही कडांना बारीक चीर दिसते का बघा, चुंबक चिकटला तर सॅडल काढून ठेवा. बऱ्याच जणांनी आभार मानले. एकाने विचारलं की परत दिलं तर दुसऱ्या सॅडलवर सूट मिळेल का. मंदारचा फोन त्या दिवसापासून आलेला नाही. आई माझ्याशी बोलते, पण वाक्यं मोजून.

या प्रवासातून काय उरलं म्हणाल तर मांडीवर चार बोटांचा व्रण, आणि लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या कुणालाही माझा एकच सल्ला: जाड पोलादाची, साधी, भरीव रेल घ्या. शे-दीडशे ग्रॅम जास्त वाहावे लागतील. वाहा.

ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांत सिन्नरचे देवरे सर होते. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, चौसष्ट वर्षांचे, माझ्या प्रत्येक लेखाखाली दोन ओळी लिहिणारे. जानेवारीपासून त्यांच्या ओळी बंद होत्या. ते मला तेव्हा खटकलंही नव्हतं. आठवडाभर वाट पाहून मी बसने त्यांच्याकडे गेले.

सर खुर्चीत बसले होते, उजवं मनगट वाकडं जुळलेलं. जानेवारीत सायकलवरून पडले होते. मला कळवलं नाही, कारण त्यांना लाज वाटली होती. “गाव ओलांडायच्या आधीच पडलो हो,” ते म्हणाले. “तोल गेला. वय झालं.” डॉक्टरांनी तोलाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. मुलाने स्कूटरची किल्ली काढून घेतली होती. एकट्याने बाहेर जायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

मी सॅडल मागितलं. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, माळ्यावरून काढून दिलं. डावी सळई तुटलेली होती, त्याच जागी. पडल्यामुळे तुटली असणार असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. मी तोंडाकडचा भाग सरांना दाखवला. अर्धा गंजलेला, अर्धा चकचकीत.

सरांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. “म्हणजे आधी ही तुटली,” ते म्हणाले. “मग मी पडलो.”

“हो सर. तुमचा तोल गेला नव्हता. चूक माझी आहे. मी न तपासता लिहिलं.”

ते मला काही बोलले नाहीत. बाई बोलल्या. त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. त्यांचा हक्क होता.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, त्याला मी पुन्हा सगळं समजावलं, सळई दाखवली, चुंबक लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “बरोबर असेल मॅडम,” तो म्हणाला, “पण वय झालंच आहे ना त्यांचं. आणि सायकल आता दिलीय आम्ही एकाला. कशाला पुन्हा तो विषय?”

मी निघाले तेव्हा सर उठले. मला फाटकापर्यंत सोडायला म्हणून चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून अंगणात आले, कशालाही न धरता, अगदी सरळ. आतून मुलाची हाक आली, “बाबा, काठी.”

सर थांबले. माझ्याकडे बघितलं. मग मागे फिरले आणि काठी घेऊन आले.